सोमवारचं मौन

(वऱ्हाडातलं तळेगाव, १९७९. सासू-सून ओसरीवर वाती वळत बसल्या आहेत.)

रुख्माबाई : मंग लिवून दे त्यायले, मंगळवारी येतो म्हणा.

सुमित्रा : तसं चालत नाही, आत्याबाई. मुलाखत सोमवारीच आहे. पुण्याच्या विद्यापीठात एम.ए.ला मोजक्या जागा. बाकी सगळ्या कालेजातल्या कोवळ्या पोरी असतील. पस्तिशीची, घरी बसून बी.ए. झालेली मी एकटी.

रुख्माबाई : आन् सोमवारी तू मुकी.

सुमित्रा : हो.

रुख्माबाई : मौन धराले सांगतलं कोणं तुले?

सुमित्रा : कोणी नाही. मीच महादेवाला म्हटलं, प्रवेश मिळेपर्यंत दर सोमवारी दिवेलागणीपर्यंत बोलणार नाही.

रुख्माबाई : त्यानं बराबर सोमवारच काढला. देवबी मस्कऱ्याच हाये.

सुमित्रा : देवळातल्या महाराजांना विचारलं. म्हणाले, बोलून टाक, मग अभिषेक कर. मला नाही पटलं. ज्याच्यासाठी व्रत धरलं, ते व्रत मोडूनच मिळवायचं?

रुख्माबाई : मंग नोको जाऊ. घरात काय कमी हाये तुले?

सुमित्रा : काही कमी नाही.

रुख्माबाई : मंग चुलीपाशी संस्कृत काऊन पुटपुटतं? भाकर करपते. मी बोलत नाई म्हून.

सुमित्रा : तुम्ही आणि बोलत नाही?

रुख्माबाई : हसू नोको. सांग.

सुमित्रा : हे गेल्यापासून दिवस सरतो, आत्याबाई, मी सरत नाही. पुस्तक उघडलं की वाटतं, कुठंतरी जायचं राहूनच गेलंय.

रुख्माबाई : माह्या लेकानं धाडलं असतं तुले?

सुमित्रा : काय सांगू.

रुख्माबाई : धाडलं असतं. माह्या धाकानं लपून, पन धाडलं असतं.

सुमित्रा : (वातीसाठी नवा कापूस पिंजायला घेते.)

रुख्माबाई : घरातल्या एकाचं व्रत दुसऱ्यानं केलं तं चालते ना? तू तापात होती तवा तुही एकादशी मीच केलती.

सुमित्रा : चालतं. पण…

रुख्माबाई : मंग सोमवारी मी गप्प राह्यतो. तू तिथं बोलजो.

सुमित्रा : तुम्ही? शेजारच्या देवकाबाई येऊन बसल्या तर?

रुख्माबाई : बसू दे. तोंडात सुपारी धरीन. लय झालं तं मले काई झालं म्हून डाक्तरले बलावन ते.

सुमित्रा : आत्याबाई, पाय द्या इकडे.

रुख्माबाई : राहू दे, वाती मोडतीन. एक सांग. सोमवारी दिवा लागला का तू पहिला शब्द माह्याशीच बोलत होती ना?

सुमित्रा : तुमच्याशीच.

रुख्माबाई : मंग त्या दिशी मी कोनाशी बोलू?