कासवाचा बर्फ

हॅलो? हां श्वेता, बोल… निघालात मुलुंडहून?

ऐक ना, आधी इराला फोन देऊ नकोस. लोच्या झालाय… अगं, तिचा तो बर्फ. श्रीखंडाच्या डब्यातला… हो, प्लास्टिकचं कासव घालून गोठवलेला, तोच.

फोडला मी.

मुद्दाम कशाला फोडेन यार! सकाळी खारदांड्याहून पापलेटं आणली ना, सुगंधामावशीला गोवंडीला पाठवायची होती. थर्माकोलच्या खोक्यात घालायला बर्फ हवा होता. वरून पांढराच दिसत होता गं… नाही, डबा बघितला नाही. बत्त्याने ठोकला, वर मूठभर खडेमीठ टाकलं आणि दिला पाठवून.

मावशीचाच फोन आला ना! ‘मेल्या, पापलेटांत ह्यां कासव खंयसून इलां?’ म्हणते… हसू नकोस श्वेता.

माहितीय मला. गुरुवारी तिच्याबरोबर तो प्रयोग करू म्हणालो, मग शनिवारी, मग आज… माहितीय गं.

तू सांग ना तिला, लाईट गेली होती म्हणून… का नाही? … अगं थांब, देऊ नको—

हां इरा! बोल बाळा… बर्फ ना… अगं, इकडे लाईट गेली होती. खूप वेळ. मग तो वितळला.

कुल्फी? … आहे ना कुल्फी… नाही, ती नाही वितळली.

…

नाही गेली लाईट. बाबा खोटं बोलला. बाबाने फोडला तो, माशांसाठी. चुकलं माझं.

हो, आपलं ठरलेलं. अर्ध्यावर मीठ, अर्ध्यावर नाही. कासव कुठून आधी बाहेर येतं ते बघायचं. तू म्हणालेलीस मिठाकडून.

काय? … चार दिवस फ्रीझर उघडलाच नाहीस? एकदापण नाही? … मी सांगितलं म्हणून?

हो, खोक्यात मीठ टाकलेलं मी… नाही गं, कुठला आधी वितळला ते… मी बघितलंच नाही.

कासव आहे, कासव मावशीकडे आहे! आपण परत करू ना. आत्ता पाणी ठेवतो फ्रीझरमध्ये, उद्या—

उद्या? … उद्या बाबाची ड्युटी आहे. मंगळवारी… मंगळवारी बघतो हां.

आईला देतेस? … दे.

श्वेता… रडतेय का? … नाही? मग?

नुसती बसलीय.

बरं… ठेव.