वेन्झूचा गुडघा

माल्टातल्या आमच्या गावच्या बसथांब्यावर, रांगेत माझ्या पुढे एक धिप्पाड फुटबॉलपटू आणि त्याची आई उभी होती. दोघं नुकतीच दवाखान्यातून आलेली.

"डॉक्टर गुडघा ठणठणीत म्हणाले ना, वेन्झू? मग तोंड का पाडलंयस?"

"रविवारी मिरवणूक आहे, आई."

"मग?"

"संत कातरीनाची मूर्ती मी खांद्यावर घेणार आहे."

"वेडा की काय! भले भले गडी वाकतात तिच्याखाली. सोमवारी नवा क्लब तुझा गुडघा तपासणार. चौतिशीतल्या बचावपटूला पुन्हा कोण विचारणार आहे?"

"माहितीये गं."

"मग यंदा दुसऱ्या कुणाला उचलू दे."

"नाही जमणार. नवस बोललोय."

"कसला मेला नवस?"

"गुडघा बरा होऊ दे, म्हणून."