बाबांचा उजवा डोळा

आमचे बाबा मध्ये दोन वर्षं फार प्रेमळ होते रे. मोतीबिंदूमुळे. समोर कोण आहे ते दिसेना, मग कोणाचा अपमान नको म्हणून खोपटच्या आमच्या अख्ख्या सोसायटीला "काय, बरंय ना?" विचारायचे. पेपर वाचता येईना, तर खाली बाकावर एक गृहस्थ रोज त्यांना पेपर वाचून दाखवायचे. अग्रलेखासकट.

मग उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, बाबा खाली गेले आणि पाच मिनिटांत परत आले.

"अरे, तो साळवी आहे!"

साळवी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे. बाथरूमच्या गळतीवरून भांडण झालेलं, तेव्हापासून अकरा वर्षं बोलणं बंद.

"आवाजावरून नाही कळलं?"

"अकरा वर्षं ऐकला होता कुठे?"

दोन दिवस बाबा घरातच. पेपर स्वतः वाचला. म्हणाले, "मजा नाही येत."

तिसऱ्या दिवशी मी खाली गेलो, तर दोघं बाकावर. साळवी वाचतायत, बाबा ऐकतायत. मी बघत राहिलो तसे बाबा म्हणाले, "साळव्यांना डाव्या बाजूला बसवलंय. त्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय."