साहेबाचे प्रश्न

भाईंदर वेस्टच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत होतो. शेजारी मुर्धा गावचे धर्माशेठ आणि त्यांची मुलगी ऋतिका बसले होते. दुसऱ्या दिवशी तिची अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत होती, म्हणून बाप साहेब झाला होता.

“बोल, आमचे देशात कशाला येतंस?”

“एमएस करायला, सर.”

“तुमचे इंडियान कालेजं न्हाईत?”

“बाबा, साहेब असं नाही विचारत.”

“माजा साहेब इचारतो. शिकून परत जाशील कशावरून?”

“माझे आईबाबा तिकडे आहेत.”

“आईबाप सगल्यांनाच असतान. दुसरा सांग.”

“मुर्ध्याला आमची जमीन आहे.”

“ती बिल्डरला दिली.”

“अरे, साहेबाला कुठे माहितीये!”

“मला म्हाईत हाय ना. व्हिसा न्हाय. जा घरी.”

“बाबा, तू मला पाठवतोयस की अडवतोयस?”

“मी कोन? साहेब इचारतंय. परत कशाला जाशील?”

ती बापाकडे वळून बसली.

“माझ्या बाबाला ईमेल वाचता येत नाही, सर. भांडायचं तर समोर जावंच लागतं.”

“हां! दिला व्हिसा.”

तेवढ्यात नर्सने लस टोचायला तिला आत बोलावलं. ती गेल्यावर धर्माशेठ माझ्याकडे वळले.

“आमचे नाक्यावर कम्प्युटरचा क्लास निगालाय. सगली जातान. आपुन न्हाय जानार.”