बाबांचं मशीन, माझं मशीन आणि काकांचं घड्याळ

…स्लो म्हणे. माझं मशीन स्लो. तुम्हाला सांगतो, जो माणूस ओटीपी वाचायला चष्मा शोधतो आणि चष्मा सापडेपर्यंत ओटीपीची मुदत संपते, तो मला स्लो म्हणतो. माझा थोरला काका. जन्मभर हेडक्लार्क. याच्या हाताखाली एक फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जायला तीन महिने घ्यायची… आणि स्लो कोण? तर मी.

बाबांचं टायपिंग-प्रिंटिंगचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, दोन्हींवर विंडोजच्या जागी लिनक्स, कारण ते फुकट, आणि फुकट म्हटलं की बाबांना कुठलंही तंत्रज्ञान लगेच पटतं. डावीकडचं जुन्या पद्धतीचं, म्हणजे सिस्टिमच्या पोटात कुणीही हात घालावा, हवं ते बसवावं, नको ते उपटावं. बाबांनी सहा वर्षांत इतके हात घातलेत की आता त्यात सिस्टिम किती उरली आणि बाबा किती, देव जाणे. उजवीकडचं मी बसवलं. इम्युटेबल. आतली सिस्टिम कुलूपबंद. अपडेट आलं की अख्खी नवी सिस्टिम शेजारी तयार होते, रीस्टार्ट केलं की तिच्यावर जायचं, बिघडलंच काही तर कालच्या सिस्टिमवर परत.

बाबा म्हणाले, "म्हणजे माझ्याच दुकानात मला हात लावायची बंदी?"

म्हटलं, बरोबर, आत्ता कळलं तुम्हाला.

झालं, काकाला बोलावणं गेलं. काका म्हणाला, "अरे, भांडता कशाला, शर्यत लावा. तुझं मशीन जिंकलं तर दुकानात राहा, कॉम्प्युटर तू सांभाळ. हरलं तर मुकाट्याने कॉलेजात परत जायचं." दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं, ते यांच्या डोळ्यांत अजून खुपतंय.

एकच पत्र दोन्हींवर उघडायचं, काका मनगटावरचं घड्याळ बघणार. बाबांनी क्लिक केलं, पत्र हजर. मी क्लिक केलं… एक, दोन, तीन, चार सेकंद. काकाचा चेहरा असा खुलला, जणू प्रमोशन मिळालं. स्लो कोण? तर मी.

अहो, पण बाबांनी ते मशीन एकवीस दिवस बंदच केलेलं नव्हतं. पत्र आधीच उघडं, नुसतं खाली दडवलेलं. धावणारा माणूस आधीच शेवटच्या रेषेवर उभा, आणि काका त्याची वेळ मोजतोय. माझं आत्ताच चालू झालेलं, त्यात माझ्याकडे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या वेगळ्या खोक्यात, पहिल्यांदा उघडताना जरा दम घेतो. दुसऱ्यांदा उघडून दाखवलं, अर्धा सेकंद. पुढे टाइप करा, प्रिंट द्या, दोन्ही सारखीच. पण ऐकतो कोण? "पहिला निकाल तो निकाल." ऑफिसची सवय. चूक कळली तरी सही झालेली आहे.

म्हटलं, ठीक, दोन्ही रीस्टार्ट करा.

बाबांचा चेहरा पडला. कारण गेल्या आठवड्यात अपडेट चालू असताना "अडकलंय वाटतं" म्हणून त्यांनी ते अपडेट मधेच तोडलं होतं, आणि असली अर्धवट सिस्टिम रीस्टार्टलाच उघडी पडते. तरी केलं रीस्टार्ट. काळी स्क्रीन, वर इंग्रजीची एक ओळ, बस्स. "येईल, येईल," बाबा म्हणाले. काका इमानदारीने मोजतोय, नव्वद… शंभर… आणि इकडे मी माझ्या मशीनचं अपडेट लावलं आणि ते चालू असतानाच भिंतीतून वायर उपटली. यांच्या डोळ्यांदेखत. परत लावली. वीस सेकंदांत जसंच्या तसं उभं. विचारा आता, स्लो कोण?

काकाने घड्याळ खाली केलं. "म्हणजे हे बिघडत नाही?"

"सहसा नाही."

"आणि बिघडलंच तर?"

"चालू होताना यादी येते, कालची सिस्टिम निवडायची. एक बटण." छाती फुगवून सांगितलं मी, मूर्खासारखं.

"ते बटण तुझे बाबा दाबू शकतील?"

"कुणीही दाबेल, काका."

काका बाबांकडे वळला. "मग हा दुकानात लागतो कशाला?"

तुम्हाला सांगतो, बाबांना आयुष्यात कुठला निर्णय इतक्या वेगाने घेताना मी पाहिलेलं नाही. बाबांचं मशीन मेलेलं, म्हणून कॉलेजचा फॉर्म माझ्याच मशीनवर भरला. नऊ पानं, फोटो, सही, सगळं अपलोड.

एकदाही अडकलं नाही हो, सालं.