तीस वर्षांत एक चूक नाही!

...आणि वर मलाच विचारतात, "चष्मा कुठं होता?" अहो, नाकावरच होता! एवढं बटाट्याएवढं नाक, चष्मा घसरून जाणार कुठं? तुम्हाला सांगतो, मी दफ्तरात नकला उतरवणारा माणूस. जुना कागद समोर धरायचा, जसाच्या तसा लिहून काढायचा. काना इकडचा तिकडे नाही! तीस वर्षांत एक चूक नाही!

तर झालं काय, पहिली नात. अठरा दिवसांची, एवढीशी! तिला मांडीवर घेऊन तासभर बसलो आणि संध्याकाळी मलाच ताप. बायको म्हणाली, "नाक पुसत पुसत पोरीला घेतलंत?" भाची प्रयोगशाळेत कामाला, तिथं धावलो, नाकातला नमुना दिला, नळीवरचा नंबर चिठ्ठीवर उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी फोनवर तिला तो वाचून दाखवला, तर ती हळूच म्हणते, "मामा, फ्लूचा विषाणू आहे. बदललेला प्रकार. खोलीबाहेर येऊ नका... आणि बाळाकडे लक्ष ठेवायला सांगा."

तीन दिवस! दाराबाहेर ताट, आत मी. पलीकडे नात नुसती शिंकली तरी इकडे मी दाराला कान लावून! भाची फोनवरून समजावतेय, "मामा, विषाणू म्हणजे आत एक धागा, स्वतःला कसं घडवायचं ते त्यात लिहिलेलं. भोवती प्रथिनांचं कवच. काहींना वरून चरबीचं पांघरूण, ते साबणानं विरघळतं." म्हटलं, मग मलाच बादलीत भिजत घाल की! "तसं नसतं हो, तो तुमच्या पेशींत शिरलाय. धागा कुठला, कवच कसं, पांघरूण आहे की नाही, यावरून त्यांची कुळं ठरतात." म्हणजे सोयरिकीला बसल्यासारखंच! मी विचारलं, "आणि बदलला कसा?" "पेशीत शिरून धाग्याच्या भराभर नकला काढतो ना, त्यात चुका होतात. बऱ्याच चुका वाया जातात, एखादी त्याच्या पथ्यावर पडते."

मी ताडकन उठून बसलो! नकलेत चुका करून त्याची भरभराट? आणि मी, तीस वर्षांत एक चूक नाही, तर अजून त्याच मोडक्या खुर्चीवर!

चौथ्या दिवशी पुन्हा फोन. "मामा, नंबर काय म्हणालात?" "चारशे एकाहत्तर." "अहो, ती नळी गेल्या वर्षीची आहे, तुलनेसाठी ठेवलेली! नळीवरची तारीख मीही आजच पाहिली. तुमची चारशे सतरा... साधी सर्दी आहे तुम्हाला!"

रडलो हो मी, ढसाढसा रडलो! नात ठणठणीत, मी ठणठणीत, जीव भांड्यात पडला. बायको तेवढं म्हणाली, "तीस वर्षांत एक, पण काय मुहूर्त साधलात!"

आता शिंका थांबल्यात. नातीच्या जन्मनोंदणीचा अर्ज सून भरतेय, मला पेनला हात लावू देत नाहीत. मी आपला नातीला घेऊन बसतो. येणारा जाणारा वाकून बघतो आणि म्हणतो, "अगंबाई, नाक हुबेहूब आजोबांचं!"

काय बोलणार? एक चूक व्हायचीच होती... तर ती तिथं व्हायला काय हरकत होती?