दादाचा करदोटा

राव, दादाच्या पोटाचं सीटी स्कॅन होतं. चाकणच्या कंपनीतून सुट्टी काढून आला होता. स्कॅनवाल्या ताई म्हणाल्या, "कमरेचा करदोटा काढा. चांदीच्या मण्यानं फोटो खराब येतो."

दादा हादरला. "ताई, करदोटा माणूस मेल्यावर तोडतात!"

मी तर त्यांच्यावर ओरडलोच.

"अहो, तोडू नका. गुडघ्यापर्यंत सरकवा. आणि औषध टोचल्यावर अंग गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल. घाबरू नका."

तरी आतून दादा ओरडला, "भावड्या, दुसरी पँट आण!" पँट कोरडीच होती. निगडीपर्यंत आम्ही हसत आलो.

परवा दादाला घाटावर नेलं. काका करदोटा तोडायला वाकले. मी त्यांचा हात धरला, "काका, तोडू नका. गुडघ्यापर्यंत सरकवा ना!"